मलाजखंडचा कोअर वाचताना

भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पहिल्या नोकरीत माझ्या वाट्याला आलेलं मोठं काम म्हणजे मलाजखंडच्या तांब्याच्या साठ्यातला जुना कोअर पुन्हा लॉग करणं. हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट खडकात फिरवत खाली नेलं की पोकळीत दगडाचा लांब दंडगोल शिल्लक राहतो. तो म्हणजे कोअर. तो खोलीच्या क्रमाने पेट्यांमध्ये रचून ठेवायचा, नीट पाहायचा, आणि कुठून कुठपर्यंत कोणता खडक, त्यात काय खनिज, किती, कसं, हे लिहून काढायचं, म्हणजे लॉगिंग. नव्या बोअरचं लॉगिंग सगळे उत्साहाने करतात. जुन्या पेट्या पुन्हा उघडायचं काम नवख्या माणसाकडे येतं, तसं माझ्याकडे आलं. खनिजशोध म्हणजे काय ते मला त्या पेट्यांनीच शिकवलं.

मलाजखंड मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे. मी गोंदियाची, त्यामुळे बालाघाट मला परकं कधीच वाटलं नाही. बालाघाटहून बैहरचा घाट चढून वर गेलं की सालाचं जंगल सुरू होतं. कान्हाचं अरण्य तिथून जवळच. नव्वदेक किलोमीटरचा हा रस्ता पावसाळ्यात फार सुंदर आणि फार हळू असतो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. पुढे सीमा बदलल्या, तरी या भागातल्या खनिजांचं कामकाज नागपूरशी बांधलेलंच राहिलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला. 1972 साली खास खनिजशोधासाठी स्थापन झालेलं मिनरल एक्सप्लोरेशन कॉर्पोरेशन, म्हणजे आमच्या बोलण्यातलं एमईसीएल, तेही तिथेच. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स सिव्हिल लाइन्सला. बालाघाट जिल्ह्यातला दगड कागदावर उतरायला नागपूरला येतो, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात.

इथे तांबं आहे हे कुणा एका भूवैज्ञानिकाने शोधून काढलं असं म्हणता येत नाही. गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, एक लांब टेकडी, तिच्या अंगावर हिरवे डाग, आणि जागोजागी कुणीतरी फार पूर्वी खणलेले खड्डे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या जुन्या खोदकामांच्या नोंदी केल्या, तेव्हाच ती खोदकामं जुनी होती. ज्यांनी ती केली त्यांचं नाव-गाव कुठे लिहिलेलं नाही. पण हिरवा दगड कुठे घट्ट आहे आणि कुठे नुसता डाग आहे, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. त्यानंतर बराच काळ पद्धतशीर काम झालं नाही. 1969 मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने इथे शोध हाती घेतला: नकाशे, माती-दगडांचे नमुने, मग ड्रिलिंग. 1967 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान कॉपरकडे पुढे हा साठा आला आणि 1982 मध्ये खुल्या खाणीचं उद्घाटन झालं. टेकडीच्या जागी आज पायऱ्यापायऱ्यांची प्रचंड दरी आहे. मी टेकडी पाहिलेली नाही. माझ्यासाठी ती जुन्या नकाशांवरच्या समोच्च रेषांमध्ये आणि कोअरच्या पहिल्या काही पेट्यांमध्ये होती.

त्या पहिल्या पेट्यांपाशी थोडं थांबते, कारण जमिनीवरून खालचं ओळखायची सगळी कला तिथे एकवटलेली आहे. टेकडी उभी राहिली ती गार कठीण म्हणून. भोवतालचा ग्रॅनाइट झिजला, गार राहिली. पण गारेतली गंधकयुक्त खनिजं हवा-पाण्यापुढे टिकत नाहीत. पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, कुजतं, त्यातून गंधकाम्ल तयार होतं, ते तांबं विरघळवतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली नेतं. वर उरतो तो लोखंडाच्या गंजाने लाल-तपकिरी झालेला, भोकं भोकं पडलेला दगड, आणि त्यात अधूनमधून तांब्याचं हिरवं खनिज, मॅलाकाइट. खाली भूजलाच्या पातळीपाशी प्राणवायू संपतो. तिथे विरघळलेलं तांबं जुन्या खनिजांवर पुन्हा बसतं आणि चाल्कोसाइट, कोव्हेलाइट ही तांबं आणि गंधकाची खनिजं तयार होतात. क्वचित कोअरमध्ये शुद्ध तांब्याचे पातळ पत्रेही दिसतात. त्याच्याही खाली मूळ, न बदललेलं चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधकाचं पिवळं खनिज. चाल्कोपायराइटमध्ये तांबं सुमारे साडेचौतीस टक्के, चाल्कोसाइटमध्ये जवळपास ऐंशी. म्हणून मधला थर पातळ असला तरी श्रीमंत असतो, आणि वरचा गंजलेला दगड गरीब दिसला म्हणून माघारी फिरायचं नसतं. जुने खाणकरी वरचा हिरवा दगड आणि त्याखालचा थोडा भाग घेऊन थांबले असणार. खाली पाणी लागलं की त्यांच्या साधनांची मर्यादा येत असणार.

मी कामावर हजर झाले तेव्हा कोअर-शेडमध्ये एक दादा होते. बैहरकडचे. घरी पोवारी बोलायचे, आमच्याशी हिंदी आणि मराठीची सरमिसळ. लॉगिंगचं पुस्तकी ज्ञान त्यांना नव्हतं, पण कोणत्या बोअरची कोणती पेटी कुठल्या रॅकवर हे त्यांना तोंडपाठ होतं. पेट्या ओळीने जमिनीवर मांडायच्या, डावीकडून उजवीकडे, पहिल्या पेटीची सुरुवात भोकाच्या तोंडाकडची. प्रत्येक रनच्या, म्हणजे एका खेपेत काढलेल्या कोअरच्या, शेवटी लाकडी ठोकळा, त्यावर खोली. रन तीन मीटरचा असेल आणि कोअर सव्वादोन मीटरच भरत असेल, तर पाऊण मीटर दगड कुठेतरी हरवलेला आहे: कुस्करला गेला, पाण्याबरोबर वाहून गेला. ही रिकव्हरी आधी तपासायची. दादा पहिल्याच दिवशी म्हणाले, “मॅडम, पहिले ठोकळे वाचा, मग दगड.” ते अगदी बरोबर होतं. ठोकळे जुळत नसतील तर पुढचं सगळं लिखाण चुकीच्या खोलीवर बसतं, आणि त्या लिखाणावरून काढलेला छेदही, म्हणजे जमिनीखालचं उभं चित्रही, चुकतो. नेमका मऊ, तुटका भाग हरवतो, आणि अनेकदा तोच भाग महत्त्वाचा असतो. म्हणून जिथे कोअर नाही तिथे ‘कोअर नाही’ असं ठळक लिहायचं, शेजारच्या दगडाने ती जागा भरायची नाही.

मग पाणी. कोरडा कोअर धुळकट, करडा, सगळा एकसारखा दिसतो. स्प्रेने पाणी मारलं की ग्रॅनाइटमधला फेल्स्पार, गारेच्या शिरा, त्यांच्या कडा, सगळं उमटून येतं. पण जुन्या कोअरला नुसतं पाणी पुरत नाही. वर्षानुवर्षं पेटीत पडलेलं चाल्कोपायराइट आपला पितळी पिवळा रंग सोडतं आणि निळ्या-जांभळ्या झळाळीचं होतं. दिसायला हुबेहूब बोर्नाइट, हे तांब्याचं वेगळंच खनिज. पायराइट दमट हवेत कुजून पांढरट-पिवळसर पावडर सोडतं. तांबं असलेल्या भेगेवर कधी कधी सुंदर निळा लेप चढलेला दिसतो, तो पेटीत तयार झालेला, खडकातला नव्हे. म्हणून हातोडीने कोपरा फोडून ताजा पृष्ठभाग पाहायचा. त्यावर सुईने ओरखडा काढायचा: चाल्कोपायराइटवर सहज उमटतो, पायराइटवर पोलाद घसरतं. हातात भिंग, खिशात लोहचुंबक (मॅग्नेटाइट इथे बऱ्यापैकी आहे) आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. भूशास्त्र शिकताना ही साधनं सगळ्यांनाच मिळतात. ती रोज, दर मीटरला, कंटाळा न करता वापरायला मात्र इथेच शिकावं लागलं.

सगळ्यात अवघड होतं ते किती आहे हे डोळ्यांनी सांगणं. प्रयोगशाळेतून आकडा यायला वेळ लागतो, तोपर्यंत पुढचं भोक कुठे मारायचं हे लॉगवरूनच ठरतं. आमचे वरिष्ठ सर माझ्याकडून याचा सराव फार करून घेत. समजा दगडात एक टक्का तांबं आहे. ते सगळं चाल्कोपायराइटमध्ये असेल तर वजनाने जवळपास तीन टक्के चाल्कोपायराइट लागेल. पण डोळा वजन पाहत नाही, जागा पाहतो. चाल्कोपायराइट गारेच्या दीडपटीहून जड. म्हणजे दर शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर दोन चौरस सेंटिमीटरही पिवळं दिसणार नाही, आणि तरीही तो एक टक्क्याचा, खाणीच्या दृष्टीने चांगला दगड असेल. मलाजखंडच्या साठ्याची एकूण सरासरी याच एक टक्क्याच्या आसपास फिरते. नवख्याला दोन टक्के जागा व्यापणारं पिवळं खनिज पाच-सात टक्के वाटतं, कारण ते चमकतं. सर कागदावर काळे ठिपके काढलेले तक्ते द्यायचे, एक टक्का, तीन टक्के, पाच टक्के कसे दिसतात त्याचे, आणि कोअरशेजारी धरून ताडून पाहायला लावायचे. नंतर रासायनिक पृथक्करणाचे आकडे आले की माझ्या अंदाजांच्या रकान्याशेजारी ते लिहायचे. महिनोनमहिने हे दोन रकाने शेजारी शेजारी पाहत राहिले की डोळा हळूहळू जागेवर येतो. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

मॉलिब्डेनाइटने, म्हणजे मॉलिब्डेनम या धातूच्या खनिजाने, मला वेगळं शिकवलं. मलाजखंडमध्ये तांब्याच्या सोबतीला थोडं मॉलिब्डेनम आहे. खनिज मऊ, निळसर करडं, बोटाला तेलकट लागणारं, भेगांच्या अंगावर पातळ पापुद्र्यासारखं पसरलेलं. कोअर अर्धा कापला तर कापाच्या पृष्ठभागावर त्याची जेमतेम एक रेघ दिसते, पण भेगेवरून तुकडा उघडला की आख्खी भेग करडी चमकते. म्हणजे दगड कसा तोडला यावर काय दिसेल हे अवलंबून आहे. तेव्हापासून भेगांच्या कडा हाताने उघडून पाहिल्याशिवाय मी मीटर पूर्ण झाला असं समजत नाही.

नमुने घेण्याची पद्धत थोडक्यात सांगते. कोअर लांबीने दोन भागांत चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत, अर्धा पेटीत. चिरताना शिरेचा अंदाज घेऊन रेष आखायची, नाहीतर सगळं खनिज एका बाजूला जातं. पाठवलेला अर्धा भाग दळून, पुन्हा पुन्हा चौथाई करत, म्हणजे ढीग चार भागांत वाटून कमी करत, बारीक पिठापर्यंत आणायचा, मधूनमधून तोच नमुना दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा पाठवायचा. पेटीत उरलेला अर्धा भाग हा एकमेव साक्षीदार. भूमिगत खाणीसाठी आज खडक किती तुटका आहे हे मोजतात: रनमधल्या दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची एकूण लांबी टक्क्यांत. ते माप कोअर चिरण्याआधी घ्यावं लागतं. जुन्या चिरलेल्या कोअरवर ते आता विश्वासाने काढता येत नाही, म्हणून नव्या भोकांमध्ये ते पहिल्यांदा उरकतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते. पुन्हा लॉगिंग करताना माझ्या एका बाजूला पेटी आणि दुसऱ्या बाजूला जुना, हाताने लिहिलेला लॉग असायचा. सत्तरच्या दशकातल्या त्या लॉगमध्ये एक अक्षर मला फार आवडायचं. बारीक, सरळ, शाईचं. लिहिणाऱ्याची फक्त आद्याक्षरं होती. त्यांनी पानामागून पान अशी नोंद केली होती: ग्रॅनाइट करडा, गारेच्या शिरेपासून बोटभर अंतरापर्यंत फेल्स्पार गुलाबी, पुढे पुन्हा करडा. किंवा: काळा अभ्रक हिरवा पडलेला. किंवा: शिरा दोन, एक दुसरीला छेदते, दुसरीत पिवळं खनिज, पहिलीत नाही. कुठेही मोठा शब्द नाही, कुठेही सिद्धांत नाही. त्याच काळातल्या दुसऱ्या काही लॉगमध्ये दहा-दहा मीटरला एकच शब्द होता: ग्रॅनाइट. किंवा गार, आणि त्यापुढे खनिज कसं तयार झालं याबद्दल एक ठाम ओळ.

हा फरक किती मोठा होता ते कळायला मलाजखंडबद्दलचा वाद माहीत असायला हवा. साठा ज्या ग्रॅनाइटी खडकात आहे तो सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. खनिजाचा मोठा भाग दोन-अडीच किलोमीटर लांबीच्या, किंचित वाकलेल्या, पूर्वेकडे तीव्र उतार असलेल्या गारेच्या पट्ट्यात आणि त्यालगतच्या ग्रॅनाइटमध्ये. हे आलं कुठून? एक विचार असा, की हा पॉर्फिरी प्रकारचा साठा आहे. चिलीतले चुकिकामाटासारखे जगातले अवाढव्य तांबेसाठे याच प्रकारचे: शिलारस थंड होताना त्यातून सुटलेलं उष्ण, खारं पाणी खडकाला असंख्य भेगा पाडतं आणि भेगांच्या कडेचा खडक बदलत तांबं ठेवून जातं. डी. बी. सिक्का यांच्यासारख्या अभ्यासकांनी मलाजखंडसाठी हे मत आग्रहाने मांडलं. दुसरीकडे पाणिग्रही आणि मुखर्जी यांनी 1997 साली, गारेतल्या सूक्ष्म द्रवबिंदूंच्या अभ्यासावरून, तुलनेने कमी तापमानाच्या आणि ग्रॅनाइटशी नातं असलेल्या द्रवाचं चित्र मांडलं. त्यांना नेहमीचं पॉर्फिरीचं चित्र इथे बसत नव्हतं. शंका रास्त होती. पॉर्फिरी साठे जमिनीखाली फार खोल नसतात, त्यामुळे डोंगर झिजले की ते नाहीसे होतात. जगातले बहुतेक तरुण आहेत. अडीचशे कोटी वर्षांचा टिकलाच कसा? शिवाय खनिज असं एका जाड गारपट्ट्यात एकवटलेलं का?

मग 2004 साली हॉली स्टाइन आणि सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनाइटमधल्या रेनियम-ऑस्मियमवरून (किरणोत्सारी रेनियमचं हळूहळू ऑस्मियम होतं) खनिजाचं वय काढलं: सुमारे 249 कोटी वर्षं. ग्रॅनाइटमधल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांची वयंही जवळपास तीच. म्हणजे तांबं नंतर कधीतरी बाहेरून आलेलं नाही, ते ग्रॅनाइटच्याच जन्माच्या काळातलं आहे. या निष्कर्षाने पॉर्फिरीच्या बाजूला बरंच वजन आलं. माझं मत विचाराल तर ग्रॅनाइट आणि तांबं यांचं नातं आता निर्विवाद आहे. ‘पॉर्फिरी’ हे लेबल किती ताणून लावायचं यावर मात्र मतभेद राहणार, आणि ते राहिले तर बिघडत नाही. टिकण्याबद्दल म्हणाल तर या ग्रॅनाइटवर नंतर चिल्पी गटाचे गाळखडक बसले. झिजणाऱ्या भूमीवर असं पांघरूण पडणं हे मला उत्तराचा मोठा भाग वाटतं.

आता तो गुलाबी फेल्स्पार आठवा. पॉर्फिरी साठ्यात उष्ण द्रव शिरेच्या दोन्ही कडांना पोटॅशियम सोडतो आणि करडा ग्रॅनाइट गुलाबी होतो. त्याबाहेर अभ्रक हिरवा पडून क्लोराइट होतं. कोणती शीर कुणाला छेदते यावरून घटनांचा क्रम लागतो. सत्तरच्या दशकात त्या आद्याक्षरांच्या माणसाने हे सगळं लिहून ठेवलं होतं, त्याचा अर्थ काय लागेल याचा विचार न करता, किंवा विचार मनात असला तरी तो नोंदीत मिसळू न देता. मी त्यांच्या नोंदींवरून गुलाबी पट्ट्यांचा नकाशा काढू शकले. ज्या पेट्या मला मिळाल्या नाहीत, ज्यांचा अर्धा कोअरही निरनिराळ्या तपासण्यांत संपून गेला होता, तिथेही काढू शकले, कारण त्यांचे शब्द उरले होते. ‘ग्रॅनाइट’ या एकाच शब्दाच्या लॉगवरून काहीच काढता आलं नाही. ठाम सिद्धांत लिहिलेल्या लॉगवरून तर त्याहून कमी, कारण सिद्धांत बदलला तेव्हा ती ओळ निरुपयोगी झाली आणि तिच्या जागी काय दिसलं होतं हे लिहिलेलंच नव्हतं.

त्या लॉगपासून मी माझ्या तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवते. एकात दिसलं ते. दुसऱ्यात वाटलं ते, पेन्सिलीने. सर म्हणाले, “दुसरा रकाना वर्षभराने पुन्हा लिही, पहिल्याला हात लावू नकोस.” मी तसंच करते. आज संगणकावर लॉग भरताना तयार यादीतून खडकाचं नाव निवडायचं असतं: एक टिचकी, पुढचा मीटर. हे जलद आहे आणि आकडेमोडीला सोयीचं आहे. पण यादीत नाव निवडलं की वर्णनाची जागा रिकामी सोडायचा मोह फार होतो. नव्या मुला-मुलींना मी आग्रहाने सांगते की नाव निवडा, पण त्याआधी रंग, कणांचा आकार, शिरांची दिशा, एकमेकींना छेदण्याचा क्रम, हे आपल्या शब्दांत दोन ओळी लिहा. मराठीत सुचलं तर मराठीत लिहा, नंतर भाषांतर करा.

एक गोष्ट बाईमाणूस म्हणून सांगायलाच हवी. मी हे काम सुरू केलं तेव्हा 1952 च्या खाण कायद्यानुसार बायकांना भूमिगत खाणीत नोकरी करता येत नसे. खुल्या खाणीत सकाळी सहा ते संध्याकाळी सातपर्यंत मुभा होती. जिल्ह्यातल्याच भरवेलीच्या मँगनीज खाणीत माझे वर्गमित्र खाली उतरत आणि मी वर कोअर पाहत असे. 2019 साली केंद्राने भूमिगत खाणींत तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांवर, दिवसा, स्त्रियांना परवानगी दिली. मलाजखंड आता खुल्या दरीखालून भूमिगत खाणीकडे वळलं आहे, आणि माझ्यानंतर आलेल्या मुली ज्या दगडाचा लॉग लिहितात तो दगड बोगद्याच्या भिंतीवर हात ठेवून पाहू शकतात. कोअरमध्ये शिरेचा कोन दिसतो, पण ती शीर किती लांब जाते, कुठे वळते, कुठे मरते, हे भिंतच सांगते. ही संधी त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून मिळते याचा मला मनापासून आनंद आहे.

मलाजखंडने बसवलेला डोळा पुढे महाराष्ट्रात कामी आला. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे तांब्याचं खनिजीकरण आहे. बस्तर क्रेटन म्हणतात त्या प्राचीन भूखंडाचा हा पश्चिमेकडचा भाग. ग्रॅनाइटमधून वायव्य-आग्नेय दिशेने जाणारा एक कातर पट्टा, म्हणजे खडक एकमेकांवर घासून सरकलेली जागा, आहे, त्यात चुरा होऊन पुन्हा सांधलेल्या गारेच्या शिरा, भरपूर क्लोराइट आणि त्यात चाल्कोपायराइट. जिल्ह्यात बराइटच्याही शिरा आहेत. आकाराने मलाजखंडशी तुलना करायचं कारण नाही, आणि जन्मही वेगळा असावा: इथे लोह, तांबं आणि थोडं सोनं एकत्र येणाऱ्या साठ्यांशी साधर्म्य सांगणारे अभ्यास झाले आहेत, आणि नागपूर विद्यापीठातल्या संशोधकांचा त्यात वाटा आहे. तिथला दगड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी क्लोराइट किती गडद आहे, ते शिरेच्या आत आहे की बाहेर, आणि चाल्कोपायराइट क्लोराइटला छेदतं की त्याच्या आत अडकलेलं आहे, हे आधी लिहिलं. तिथे भातशेती, माळ आणि झुडपी जंगल. उघडा खडक कमी. त्यामुळे जो काही कोअर निघतो त्याची किंमत जास्त. चंद्रपूर म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो. कोळशाच्या थरांहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटचा आणि तांब्याचा हा पूर्वेकडचा चंद्रपूर फारसा कुणाला माहीत नसतो, आणि तो माहीत व्हावा असं मला वाटतं.

तांब्याची गरज वाढते आहे: विजेच्या तारा, मोटारी, पवनचक्क्या. देशात तांब्याचं खनिज काढणारी प्रमुख कंपनी आजही हिंदुस्तान कॉपर आहे, आणि तिच्या साठ्याचा सर्वांत मोठा वाटा मलाजखंडचा आहे. आपले मोठे तांबं गाळणारे कारखाने मुख्यतः परदेशातून आणलेल्या खनिजावर चालतात. नवे साठे शोधायचे तर नवी भोकं लागतीलच. पण माझ्या अनुभवात जुन्या भोकांच्या पेट्या आणि जुने लॉग नीट वाचले तर नव्या भोकांची संख्या कमी करता येते, आणि ती बरोबर जागी मारता येतात. भोक महाग असतं. वाचन तुलनेने फुकट.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूविज्ञान माहितीसाठा खुला केला. नकाशे, भूरासायनिक आकडे, अहवाल आता घरबसल्या मिळतात. माझ्या विद्यार्थिदशेत एका अहवालासाठी सेमिनरी हिल्सच्या वाचनालयात दिवस घालवावा लागे, त्या मानाने हे फार मोठं पाऊल आहे. त्यात माझी एक मागणी आहे आणि जिथे संधी मिळते तिथे मी ती मांडते: जुन्या लॉगमधले आकडे तक्त्यात उतरवून घेतले की मूळ हस्तलिखित पान बाजूला टाकू नका. प्रत्येक पानाचं छायाचित्र त्या बोअरच्या क्रमांकाखाली जोडा, ‘शेरा’ या रकान्यासकट, समासातल्या चित्रांसकट. आणि ज्या कोअरच्या पेट्या अजून शाबूत आहेत त्यांचे ओले आणि कोरडे असे दोन्ही फोटो काढा, ठोकळे दिसतील असे. मलाजखंडच्या कामातले माझे स्वतःचे लॉग मी असेच पानापानाने स्कॅन करून दिले आहेत, पेन्सिलीच्या रकान्यासकट.